शाहीन, तुझं फोल्डर उघडत नाही

शाहीन, तुझं मशीन चालू होतं, पण ते पिवळं फोल्डर काही उघडत नाही. म्हणजे उघडल्यासारखं करतं. खिडकी येते, तुझ्या धड्यांची नावं दिसतात न दिसतात तोच सगळं गडप. खालची पट्टीसुद्धा जाते आणि नुसता निळा पडदा उरतो. थोड्या वेळानं पट्टी परत येते, पण त्यानंतर फोल्डरवर कितीही क्लिक करा, ते ढिम्म. हे मी तुलाच सांगतेय, कारण असलं काही झालं की दुसऱ्या कुणाला सांगायची मला सवयच नाही.

तू काय विचारलं असतंस तेही मला माहीत आहे. "आधी काय झालतं, ते सांग." तुझा हा प्रश्न मला कधी सोसला नाही. मशीन अडलं की मला ते लगेच सुरू झालेलं हवं असायचं आणि तू मात्र डॉक्टरीणबाईसारखी खुर्ची ओढून बसायचीस. काय उघडलं होतं, काय बंद केलं, लाइट गेली होती का, कुणाचा पेन ड्राइव्ह लावला होता. तोवर मी रिस्टार्टचं बटण दाबून मोकळी झालेली असायची. निम्म्या वेळा मशीन त्यानंच सुरू व्हायचं आणि मी तुझ्याकडं विजयी मुद्रेनं बघायची. तू म्हणायचीस, "सुरू झालं, पण बिघडलं कशानं ते कळलं का?" नसायचं कळलं. मला कळून घ्यायचंच नसायचं.

या खेपेला रिस्टार्ट करून करून बोट दुखलं.

तू गेल्यावर सिल्लोडला तुझ्या घरी आले होते तेव्हाची गोष्ट. बायका उठून गेल्या, तुझा भाऊ आरिफ बाहेर पाहुण्यांत बसला होता, आणि तुझ्या अम्मी भिंतीला टेकून एकट्याच. मी मोबाईलमधले तुझे फोटो काढून त्यांच्यापुढं धरले. आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या वाढदिवसाचा, पैठणच्या बागेतला, तू माझ्या ओढणीनं मॉनिटर पुसतेयस तो. अम्मींनी मोबाईल हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि परत दिला. त्यांची नजर आता इतकी उतरलीय, की समोरचं माणूससुद्धा त्यांना सावलीएवढंच दिसतं. हे मला माहीत होतं, तरी मी फोटो काढले. घाईच माझी.

"बेटा, फोटू का मैं क्या करूँ," त्या म्हणाल्या. "उसकी आवाज है क्या किसी के पास?"

आरिफनं शोधलं होतं म्हणे. तुझ्या फोनमध्ये काही नाही. तू कधी कुणाला बोलून निरोप पाठवलास? "बोलायचं आसंल तर फोन कर, नायतर लिही," हा तुझा कायदा. लग्नकार्यात कॅमेरा तुझ्याच हातात, म्हणून व्हिडिओत सगळे आहेत आणि तू नाहीस. अम्मी ऐकत होत्या. आणि मी बोलून गेले, की अम्मी, माझ्याकडं आहे. क्लासमधल्या तिच्या मशीनवर तिनं केलेले सगळे धडे आहेत, आणि सगळ्या धड्यांत तीच बोलतेय. अम्मींनी माझा हात धरला तो मी निघेपर्यंत सोडला नाही.

क्लासवर परत आले, चप्पलसुद्धा न काढता तुझं मशीन लावलं, पिवळ्या फोल्डरवर क्लिक केलं. पुढचं वर लिहिलंच आहे.

मला एका जागी बसवत नाही, शाहीन. क्लासमध्ये येते, खुर्च्या सरळ करते, त्या सरळच असतात. अम्मींनी शिवलेली मॉनिटरची कव्हरं काढते, झटकते, परत घालते. जालना रोडची धूळ काही थांबत नाही, तेवढंच निमित्त. मुली येतात, त्यांना शिकवते, मध्येच वाक्य सोडून खिडकीत जाते. त्या एकमेकींकडं बघतात. मी चिडले, की खाली जाऊन चहा सांगायचा आणि वर येताना दोन ग्लास घेऊन यायचं, ही आपली रीत. आपलं कुठलंच भांडण त्या चहाच्या पलीकडं गेलं नाही. परवा सवयीनं दोन ग्लास घेऊन आले. दुसरा तुझ्या टेबलावर ठेवला, मग उचलला, मग ओतून टाकला आणि त्यावरून स्वतःवरच चिडले.

तुला आठवतं, मी बिडकीनहून पहिल्यांदा या क्लासवर नोकरी मागायला आले होते? तू माझी परीक्षा अशी घेतलीस, की एका मध्यमवयीन बाईशेजारी मला बसवलंस आणि सांगितलंस, हिला फाइल सेव्ह करायला शिकव, पण माऊसला हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं. क्लासचा नियमच तो. एका मशीनवर दोघी, एकीचा हात माऊसवर, दुसरीचा मांडीवर. दुसरीनं फक्त सांगायचं. पहिलीचं चुकलं तर चुकू द्यायचं. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्या बाईच्या हातातून माऊस हिसकावला. वाटलं, गेली नोकरी. तू हसलीस आणि म्हणालीस, "बिडकीनवाली, तू नापास हायेस. उद्यापासून ये." नंतर कधीतरी विचारलं तर म्हणालीस, सगळे माझ्यासारखे शांत असले तर क्लास झोपून जाईल.

त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं इथं टिकले. माझ्या तापट स्वभावाचं लोकांनी आजवर बोटं मोडून वर्णन केलं. त्याला कामाला लावणारी तू एकटी. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास, तरी सांगायला हवं होतं.

मशीन मी मेकॅनिककडं नेलं. आपला नेहमीचा नाही, तो गावी गेलाय. दुसराच एक. स्कूटीवर पायाशी सीपीयू ठेवून, रस्त्यातला प्रत्येक खड्डा चुकवत. त्यानं डिस्क काढून स्वतःच्या मशीनला लावली. ते फोल्डर उघडलं, तर त्याचीही खिडकी गडप. तो म्हणाला, डिस्क गेली, मॅडम. फॉरमॅट मारू, नवीन टाकून देतो. मी विचारलं, आतलं निघेल का? तो म्हणाला, बघू, निघालं तर निघालं. इतक्या सहज म्हणाला, की मी डिस्क त्याच्याकडून परत बसवून घेतली आणि मशीन उचलून क्लासवर परत आणलं. एरवी "मारा फॉरमॅट" म्हणणारी मीच पहिली, तुला माहीत आहे. त्या दिवशी मला तो शब्दच ऐकवला नाही.

आणि मग रविवारी अम्मी आल्या.

मी बोलावलं नव्हतं. आरिफला चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात काम होतं, तर त्याच्यासोबत गाडीत बसून त्या आल्या. त्यानं त्यांना जिना चढवून आणलं, तुझ्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि दुपारी न्यायला येतो म्हणून तो गेला. अम्मींनी हातानं टेबल चाचपलं, मॉनिटरचं कव्हर ओळखलं. त्यांच्याच जुन्या ओढणीचं होतं ते. ते मांडीवर घेऊन बसल्या. मी त्यांना खरं सांगून टाकलं. आवाज आत आहे, पण दार उघडत नाही. मी मराठीत बोलत होते, त्या त्यांच्या बोलीत, त्यात आमचं कधीच अडलं नाही.

मग सुरू झाली माझी धावपळ. मशीन लावलं. तू ते फोल्डर कधी बंदच करायची नाहीस, जिथं सोडलं तिथंच उघडावं अशी सोय करून ठेवलेलीस, त्यामुळं मशीन सुरू होताच खिडकी आपोआप आली. मी झडप घातली. जाण्याआधी एखादी तरी फाइल पकडावी म्हणून क्लिकवर क्लिक. गेली. पुन्हा रिस्टार्ट. पुन्हा झडप. पुन्हा गेली. दुसऱ्या वाटेनं दुसरी ड्राइव्ह उघडून बघितली, ती व्यवस्थित उघडली आणि उघडी राहिली. म्हणजे सगळं कपाट बिघडलेलं नव्हतं, हा एकच खण बिघडला होता, आणि तुझा सगळा आवाज नेमका त्याच खणात. मी टेबलावर हात आपटला असणार, कारण अम्मी दचकल्या.

"इत्ता कायकू घबरा रई," म्हणाल्या. आणि चाचपत माझा हात माऊसवरून उचलला आणि कव्हरासकट स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला.

मला हसू आलं आणि रडूही आलं. तू हे कुठून शिकलीस, ते मला त्या क्षणी कळलं.

माझा दुसरा हात मोकळा होता. त्यानं रिस्टार्ट दाबलं आणि मग मी नुसती बसले. झडप घालायला हातच नव्हता. खिडकी आली. पहिल्यांदाच मी तिच्याकडं बघत राहिले. आधी नुसते पांढरे चौकोन होते. मग एकेका चौकोनात त्या त्या धड्याचं छोटं चित्र उमटायला लागलं. एकात माऊसचा फोटो, एकात ते मोठं पिवळं फोल्डर, एकात तू काढलेलं कपाट. ओळीनं एकामागून एक चित्रं भरत गेली, अगदी शेवटच्या चौकोनापर्यंत. शेवटचा पांढराच राहिला, आणि सगळं गडप.

"आधी काय झालतं, ते सांग."

सांगते. आधी लाइट गेली होती. तू दुपारी एकटीच बसून नवा धडा रेकॉर्ड करत होतीस. दार लावलेलं, पंखा बंद, आवाज नको म्हणून. जवळच्या धावपट्टीकडं विमान उतरायला लागलं, की तू बोलायचं थांबायचीस आणि ते गेल्यावर पुढचं वाक्य सुरू करायचीस. मी बाहेरच्या खोलीत होते. लाइट गेली आणि आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी जेमतेम एक गचका देऊन बसली. त्या बॅटरीवरून आपण महिनाभर वाद घालत होतो. मी म्हणायची, बदलू. तू म्हणायचीस, पाणी घातलं की चालते, हाय अजून जीव तिच्यात. तू बाहेर आलीस, कपाळ पुसलंस. मी म्हणाले, बघ, सांगत होते. तू म्हणालीस, उद्या बोलू, आज डोकं जड झालंय. मग ताप, मग दवाखाना, मग काहीच नाही. वादात मी बरोबर निघाले, शाहीन, आणि मला ते कुणाला सांगताच आलं नाही. बॅटरी अजून तीच आहे. बदलायला मन होत नाही.

तर तो शेवटचा पांढरा चौकोन म्हणजे तो धडा. अर्धवट तुटलेला, त्याचं नावसुद्धा तू ठेवलेलं नाहीस, रेकॉर्डिंगनं आपोआप दिलेलं. मशीन प्रत्येक फाइलच्या आत डोकावून तिचं चित्र काढायला जातं, आणि या तुटक्या फाइलीत डोकावलं की तोंडघशी पडतं. मेकॅनिकचंही मशीन तिथंच पडलं. डिस्कला काही झालेलं नव्हतं.

आता उपाय सोपा होता. तुझी ती काळी खिडकी, जिच्यात नुसते शब्द टाइप करायचे आणि जिच्याकडं बघून मी नेहमी नाक मुरडलं, ती उघडली. तिच्यात चित्रं नसतात, म्हणून ती पडत नाही. तुझ्या सगळ्या फाइलींची नावं एकाखाली एक आली. शेवटची एक पुसून टाकली, की बाकी सगळं उघडणार. हुकूम टाइपही केला. नुसतं एंटर दाबायचं बाकी होतं.

त्या फाइलीपुढं तिचा आकार लिहिलेला होता. ती रिकामी नव्हती. लाइट जाईपर्यंत तू जे बोललीस ते तिच्यात आहे, फक्त कुणाला ऐकू येणार नाही असं. मी अम्मींना सांगितलं, की एक फाइल खराब आहे, ती काढली की बाकीच्या उघडतील.

"उसमें वो है क्या?" त्यांनी विचारलं.

"आहे, अम्मी. पण ती उघडणार नाही."

"तो रहने दे," अम्मी म्हणाल्या. "कोने में पड़ी रहेगी."

मी टाइप केलेलं सगळं खोडलं. मग तुझ्यासारखा विचार करून पाहिला, जमेल तेवढा. फाइल काढायची नाही, तर मशीनला आत डोकावायचं थांबवायचं. सेटिंगमध्ये एक खूण असते, चित्रं दाखवू नकोस, नुसती चिन्हं दाखव. ती तू पूर्वी मुलींना शिकवायचीस आणि मी म्हणायची, हे कुणाला लागणार आहे. ती खूण केली. माऊसवरचा हात काढला. रिस्टार्ट.

खिडकी आली आणि राहिली. सगळे चौकोन एकसारखे, चित्र कुणालाच नाही. तुझी शेवटची फाइलसुद्धा इतरांसारखीच दिसते आता, रांगेत, गुपचूप. ती मी अजून उघडून पाहिलेली नाही, पाहणारही नाही. असू दे तिथं.

अम्मींना विचारलं, कुठला धडा लावू? त्यांना काय फरक पडत होता. मी जो लावला तो मुद्दाम लावला. "फोल्डर उघडत नसेल तर," असं नाव दिलंयस तू त्याला. त्याच्यावरून आपलं केवढं वाजलं होतं. तू रेकॉर्ड करत असताना मी दार ढकलून आत आले होते आणि विचारलं होतं, की ज्याचं फोल्डरच उघडत नाही, तो तुझा हा व्हिडिओ कुठून उघडणार? माझ्या मते ह्या प्रश्नावर तुझ्याकडं उत्तर नव्हतं. दार आपटून मी निघून गेले होते, आणि नंतर तू विषय काढला नाहीस, म्हणून मी गृहीत धरलं, की मी जिंकले.

स्पीकरचा आवाज वाढवला. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग तू.

"घाबरायचं नाय. कपाटाचं दार अडकलं म्हणून आतले कपडे कुठं पळून जात नाय. आधी माऊसवरचा हात काढा."

अम्मी ताठ बसल्या. ओढणीचं कव्हर त्यांनी तोंडाशी धरलं. रडल्या नाहीत. तू बोलत होतीस आणि त्या मान हलवत होत्या, जणू तू त्यांनाच शिकवत होतीस. मध्ये विमान आलं, तू थांबलीस, अम्मीही श्वास धरून थांबल्या. विमान गेलं, तू पुढं सुरू झालीस. मग दार उघडल्याचा आवाज, आणि मी. किती कर्कश आहे गं माझा आवाज. माझा तो प्रश्न, आणि धाडकन दार.

मला वाटलं, इथं तू रेकॉर्डिंग बंद केलं असशील. नव्हतंस केलं. मग तू हसलीस. अम्मींच्या तोंडावर तेच हसू आलं.

"ही आमची सुरेखा हाय," तू म्हणालीस. "सवाल बराबर हाय तिचा. ज्याचं उघडत नाय, त्याच्या बाजूला कुणीतरी बसलेलं आसंल ना. ते उघडून देईल. म्हणून तर आपण एका मशीनवर दोघी बसतो." मग जरा थांबून, "आता ती खाली चहा सांगायला गेली आसंल. येऊ द्या तिला. मग पुढचं सांगते."

आणि तू खरंच थांबलीस. रेकॉर्डिंग चालू ठेवून. रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती, खाली कुणीतरी लोखंडी शटर ओढलं, तू मध्येच एकदा खाकरलीस. मी तुझ्या टेबलाशी बसून तुझं वाट बघणं ऐकत होते. अम्मी माझ्या शेजारी, त्याही वाट बघत होत्या. बराच वेळ गेला. मग जिन्यावर पावलं वाजली, दार हळूच उघडलं, आणि टेबलावर काचेचे दोन ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

अम्मींनी दाराकडं मान वळवली.

"कौन आया?"

"मी, अम्मी," मी म्हणाले. "चहा घेऊन आलेय."